अप-डाऊन करणाऱ्याचं टाईमटेबल वेगळं असतं रे

मित्रा,

रात्री साडेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी बघितला आणि पहिलं मनात आलं ते हेच की हा अजून जागा कशाला, पहाटे उठून बस धरायची असते की ह्याला. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यासारखं नाही म्हणून नीट पत्र लिहायलोय, निवांत वाच.

तू म्हणतोस पहाटे चार ते रात्री अकराचं टाईमटेबल भिंतीला लावलंय, ते चार दिवस पण टिकत नाही, हॉस्टेलवरची पोरं पुढं गेली आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे. तुझ्यात काय कमी नाही. ते टाईमटेबल हॉस्टेलवाल्याचं आहे. तो कॉलेज सुटलं की दहा मिनिटात रूमवर, जेवण मेसमध्ये तयार. तू गावातून फाट्यापर्यंत चालत, तिथून खानापूर, मग बेळगावचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर, मग तिथून कॉलेजला जायला परत सिटी बस, आणि संध्याकाळी घरी पोचलास की वैरण-पाणी बघायचं. त्याच्या तासांशी तुझे तास लावून बघूच नको. तुझे बाबा पेरणी कॅलेंडरवरची तारीख बघून करत नाहीत, वाफसा आला का बघून करतात ना, तसं तू डोकं ताजं कधी असतं ते बघ आणि अवघड काम तिथंच टाक.

माझ्या मते तुझा ताजा वेळ कॉलेजातच आहे, घरी नाही. लेक्चर संपलं की पहिलीच बस धरायला पळतोस, आणि जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाल्यापासून त्या वेळच्या गाड्या भरूनच असतात (तुझ्या बहिणीचं कॉलेज त्यामुळंच सोपं झालं, ते चांगलंच झालं). म्हणजे तासभर लोंबकळत उभा राहतोस आणि घरी पोचेपर्यंत जीव गेलेला असतो. त्यापेक्षा एक तास लायब्ररीत बस, त्या दिवशी शिकवलेल्यातलं सगळ्यात अवघड काय ते तिथंच उरक, आणि पुढची गाडी धर. घरी गेल्यावर मॅथ्स उघडायचं नाही, रात्री फक्त लॅब रेकॉर्ड, आकृत्या, असाइनमेंट उतरवणं, हाताचं काम. आणि साडेदहाला झोप. चारला उठायचा हट्ट सोड, पाच तास झोपून वर्गात पेंगण्यात काय अर्थ नाही.

आता अभ्यास म्हणजे काय ह्यावर बोलतो, कारण तू लिहिलंयस की एक मॉड्यूल, म्हणजे सिलॅबसचा एक भाग, चार-चार वेळा वाचतो आणि इंटर्नलला, कॉलेजच्या चाचणीला, बसलं की पाटी कोरी. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी कॉलेजच्या मुलांवरच प्रयोग केला होता. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे वाचताना "आलं, आलं" वाटतं ते पाच मिनिटांपुरतं असतं रे. एकदा समजून वाच, वही बंद कर, कोऱ्या कागदावर जेवढं येतं तेवढं लिही, मग उघडून काय सुटलं ते बघ. त्रास होतो, मान्य, पण तो त्रास म्हणजेच अभ्यास.

आणि हे बसमध्ये उभ्यानं पण होतं! मोबाईलवर पीडीएफ उघडू नको, गर्दीत एक ओळ धड वाचून होत नाही. नुसतं खिडकीबाहेर बघत सकाळच्या लेक्चरमधलं आठवायचं, डेरिव्हेशनची पहिली स्टेप काय, मग काय, कुठं अडलं. देसूरपर्यंत एक विषय, पुढं दुसरा. अडलेलं तेवढं घरी गेल्यावर बघायचं.

दुसरं, व्हीटीयूचा, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचा, पेपर कसा असतो ते नजरेसमोर ठेव. तीन तास, १०० मार्क, पाच मॉड्यूल, प्रत्येकात दोन पूर्ण प्रश्न आणि त्यातला एक सोडवायचा. म्हणजे २० मार्कांच्या एका प्रश्नाला साधारण ३५ मिनिटं मिळतात. तुझं अभ्यासाचं माप हेच असू दे. ते पंचवीस मिनिटं टायमर लावून अभ्यास करायचं पोमोडोरो म्हणतात ना, फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून काढलेलं, ते चांगलंच आहे, पण तुला पंचवीसपेक्षा पस्तीस उपयोगाचं. जुना पेपर काढ, घड्याळ लाव, एक प्रश्न पूर्ण लिही. आपण दहावीपर्यंत मराठी मीडियमची पोरं, समजलेलं असतं पण इंग्लिशमध्ये लिहिताना वाक्य जुळवण्यातच वेळ जातो, आणि तो वेग वाचून येत नाही, लिहूनच येतो. समजून घेताना खुशाल मराठीत स्वतःशी मोठ्यानं बोल, पण कागदावर पहिल्यापासून इंग्लिशच, वाक्य मोडकं-तोडकं झालं तरी चालेल. कन्नडच्या पेपरची काळजी करू नको, शेजारच्या बेंचवरच्या पोराशी रोज कन्नडातच बोल, त्यानं बरंच भागतं.

सुगीचं मात्र आत्ताच घरी बोलून ठेव. भात कापणी-मळणीच्या दिवसात अभ्यास होत नाही, आणि होत नाही म्हणून मनाला लावून घ्यायचं पण नाही, घरचं काम ते. फक्त इंटर्नलच्या तारखा बाबांना आधी सांग, आणि ८५ टक्के अटेंडन्स लागतो हे पण सांग, म्हणजे कुठले दिवस घरी राहायचं आणि कुठले नाही ते त्यांनाच ठरवता येईल. ते समजून घेतील, माझी खात्री आहे, तू बोलतच नाहीस त्यांच्याशी ही अडचण आहे.

मोबाईल झोपताना आईच्या खोलीत ठेव. ग्रुपवर रात्री येणारे नोट्स सकाळी बघितले तरी चालतात.

आणि ते सोडून देऊ का, परत शेतात जाऊ का असलं रात्री एकट्यानं ठरवायचं नाही, फोन कर, मी उचलतो कितीही वाजले तरी. येत्या रविवारी मी गावाकडं यायलोय. मॅथ्सचं पहिलं मॉड्यूल घेऊन बसू, एक जुना पेपर काढून ठेव, दोघं घड्याळ लावून एकच प्रश्न लिहू आणि एकमेकांचं तपासू. काकींना नमस्कार सांग.

तुझाच मित्र