गच्चीवर साधा व्हर्टिकल अँटेना बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर.

स. न. वि. वि.

मी चौथ्या मजल्यावरील सदनिका क्र. ४०३ चा सभासद. माझ्याकडे भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने दिलेला हौशी रेडिओ केंद्राचा, म्हणजे लोक ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, परवाना आहे. त्यासाठी गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या भिंतीला ॲल्युमिनियमची साधारण पाच मीटर लांबीची एक नळी उभी बसवायची आहे. हीच नळी म्हणजे व्हर्टिकल, म्हणजे उभा, अँटेना. गच्ची सगळ्यांची आहे. समितीच्या लेखी परवानगीशिवाय मी तिथे एक स्क्रूसुद्धा पिळणार नाही, म्हणून हा अर्ज.

अर्ज जरा लांबला आहे, त्याला कारण आहे. जिन्यात, पार्किंगमध्ये भेटलेल्या बऱ्याच जणांनी "टॉवर येतोय म्हणे आपल्याकडे?" असे विचारले. कोणी विजेची भीती बोलून दाखवली, कोणी किरणांची. या शंका रास्त आहेत आणि त्यांना तोंडी, घाईत उत्तर देणे मला बरे वाटत नाही.

आधी हा प्रकार काय, ते सांगतो. हॅम परवाना मिळवण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. रेडिओचे तंत्र आणि त्याचे नियम, दोन्हींची. पास झाल्यावर प्रत्येकाला व्हीयू अक्षरांनी सुरू होणारी स्वतंत्र सांकेतिक ओळख मिळते आणि बोलताना ती सांगावीच लागते, म्हणजे चोरूनमारून काही करण्याची सोय नाही. या रेडिओवरून पैसे कमावता येत नाहीत, धंद्याचे बोलता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत. ज्याला टॉवर म्हणतात त्याच्याशी, त्याच्या भाड्याशी आणि चोवीस तास चालणाऱ्या त्याच्या यंत्रांशी याचा संबंध नाही. माझ्या परवान्यावर केंद्राचा पत्ता आपल्याच इमारतीचा आहे.

मग घरात बसून का नाही करत, असा प्रश्न येतो. सेट घरातच राहणार आहे, पण लहरी बाहेर सोडायला आणि बाहेरच्या पकडायला अँटेना उघड्यावर लागतो. काँक्रीट आणि त्यातली लोखंडी सळी लहरी अडवते. बाल्कनीत ठेवण्याचा गोल लूप अँटेना मिळतो, मी त्याचा विचारही केला. पण प्रक्षेपणाच्या वेळी त्याच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्टचा दाब येतो आणि तो माणसांच्या अगदी जवळ राहतो. शेजारच्या बाल्कनीत लहान मूल असताना मला ते पटले नाही.

गच्चीवर काय बसवायचे याचे तीन-चार मार्ग होते. सर्वांत ताकदीचा अँटेना म्हणजे यागी. जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाचेच मोठे भावंड. पण २० मीटरच्या बँडसाठी, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींच्या पट्ट्यासाठी, त्याच्या आडव्या दांड्या सुमारे दहा-दहा मीटर लांब होतात, तो फिरवायला मोटर लागते, खाली मजबूत मनोरा लागतो. आपल्या गच्चीवर ते शोभणार नाही आणि वळवाच्या वाऱ्यात मला झोपही लागणार नाही. दुसरा मार्ग आडव्या तारेचा, डायपोलचा. स्वस्त आणि उत्तम. पण ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, बँडसाठी अशी तार वीस मीटर लांब ताणावी लागते. तेवढी सरळ जागा आपल्याकडे नाही, म्हणजे तिचे दुसरे टोक शेजारच्या इमारतीला बांधावे लागेल. तिसरा मार्ग बाजारातल्या तयार, अनेक बँडवर चालणाऱ्या व्हर्टिकलचा. तो महाग असतो आणि त्यातल्या कॉइलांमध्ये काही शक्ती वाया जाते. उरला साधा, एकाच बँडचा, पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल. जागा सर्वांत कमी खातो, बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते आणि काढायचा म्हटला तर तासाभरात खाली येतो.

पाच मीटर हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. मला १४.२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे आहे. ३०० ला १४.२ ने भागले की तरंगलांबी येते २१.१ मीटर, तिचा चौथा भाग सुमारे ५.३ मीटर. धातूच्या नळीत प्रत्यक्ष लांबी त्याहून पाचेक टक्के कमी लागते, म्हणून पाच मीटर. याच हिशेबाने ७ मेगाहर्ट्झसाठी दहा मीटरची नळी लागली असती. ती मी मागितलीच नाही, कारण एवढी उंच दांडी गच्चीवर सांभाळणे कठीण. २८ मेगाहर्ट्झसाठी अडीच मीटर पुरली असती, पण तो बँड सूर्यावरच्या डागांवर फार अवलंबून असतो. अकरा वर्षांच्या सौरचक्रात डाग कमी झाले की तो अनेकदा दिवसेंदिवस मुका राहतो. १४ मेगाहर्ट्झ मात्र जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या दिशेला उघडतो, संध्याकाळी आपल्याकडून युरोपकडे तर फारच छान. उभी नळी लहरी क्षितिजालगत सोडते, सगळ्या दिशांना सारख्या, म्हणून लांबच्या बोलण्याला ती फिरवावी लागत नाही.

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात जमिनीवर का नको, असे सेक्रेटरी साहेबांनी विचारले होते. उभ्या नळीला तिचा दुसरा अर्धा भाग लागतो, त्याला रेडियल म्हणतात. जमिनीवर बसवले तर अशा पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त तारा मातीत पसराव्या लागतात आणि आपली मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत झाली की तिच्यात शक्ती मुरते. शिवाय खेळणाऱ्या मुलांचा हात लागणार. उंचावर बसवले की मापाच्या चारच तारा पुरतात.

या चार तारांविषयी महिला सभासदांची काळजी मला ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात गच्ची कुरडया, पापड, सांडगे यांनी भरलेली असते आणि ते बंद होता कामा नये. म्हणून अँटेनाचा तळ जिन्याच्या खोलीच्या छताच्या पातळीवर, म्हणजे दहा फुटांवर येईल. तिथून निघणाऱ्या पाच-पाच मीटरच्या तारांपैकी दोन लिफ्टच्या खोलीच्या बाजूला जातील आणि दोन कठड्याला क्लॅम्प केलेल्या उभ्या पाइपांकडे. कुठलीही तार साडेसात फुटांखाली येणार नाही. प्रत्येक तारेच्या टोकाशी इन्सुलेटर आणि पुढे दोन-तीन फूट दोरी असेल, कारण प्रक्षेपण चालू असताना रेडियलच्या टोकावर विजेचा दाब जास्त असतो आणि हात लागला तर चटका बसू शकतो. साडी वाळत घालताना हात वर गेला तरी तिथवर पोचू नये, एवढे अंतर मी धरले आहे.

स्लॅबला एकही भोक पडणार नाही. वॉटरप्रूफिंगवर आपण सगळ्यांनी वर्गणी काढून खर्च केलेला आहे, तो मी वाया घालवणार नाही. दोन क्लॅम्प जिन्याच्या खोलीच्या उभ्या भिंतीत बसतील आणि अँकर बोल्टभोवती सीलंट भरले जाईल. नळी एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची, खाली २५ मिलिमीटर आणि वर बारीक होत जाणारी. नळीचे वजन दोन किलोच्या आत, क्लॅम्पसह पाचेक किलो. मध्यावर तीन बाजूंना ताणाच्या दोऱ्या. त्या पॉलिस्टरच्या घेणार आहे, कारण बाजारातली साधी दोरी आपल्या उन्हात लवकर कुजते. नळीच्या तळाशी नायलॉनचा जाड इन्सुलेटर आणि शेजारी डबीत केबलचा सॉकेट. मधली पिन नळीला, बाहेरची कडा चारही तारांना. सांध्यावर रबरी सेल्फ-ॲमल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी, टेप, कारण पाणी केबलमध्ये शिरले की पहिल्याच पावसाळ्यात केबल निकामी होते. केबल डक्टमधून माझ्या घरात येईल, दर्शनी भिंतीवरून नाही.

आता विजेचे. आकाशातली वीज उंच धातू शोधते हे खरे. टाकीवर आपला तडितरक्षक आहेच आणि माझ्या नळीचे टोक त्याच्यापेक्षा थोडे खालीच राहील. तरीही गच्चीवरचा धातू अर्थिंगशिवाय ठेवायचा नसतो. केबलच्या वाटेत गॅस डिस्चार्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा जादा दाब जमिनीकडे वळवणारा भाग, बसेल आणि त्याची जाड तांब्याची तार इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडली जाईल. काही जण सुचवतात की रेडिओला वेगळा खड्डा खणून अगदी स्वतंत्र अर्थिंग द्यावे. ते मी मुद्दाम टाळतो आहे, कारण वीज पडली तर दोन सुट्या अर्थिंगमध्ये प्रचंड दाबाचा फरक पडतो आणि तो घरातल्या उपकरणांतून वाट काढतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेईन. वळवाचे ढग दिसले की सेटची केबल काढून ठेवायची, हा माझा नियम राहील.

किरणांविषयी. माझ्या सेटची कमाल ताकद १०० वॅट आणि बोलताना सरासरी त्याहून बरीच कमी. त्यातही बहुतेक वेळ आपण ऐकतच असतो, तेव्हा अँटेनातून काही बाहेर पडत नाही. चौथ्या मजल्यावरचे घर माझेच आहे, अँटेनाच्या सर्वांत जवळ माझेच कुटुंब झोपणार आहे. सुरुवातीला कोणाच्या टीव्हीवर, स्पीकरवर किंवा इंटरनेटवर खरखर जाणवली तर कृपया लगेच फोन करा, मी त्याच क्षणी प्रक्षेपण थांबवीन. केबलवर अँटेनाशीच फेराइटचे चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून परत येणाऱ्या लहरी अडवणारी कडी, घालणार आहे, त्याने असा त्रास बहुधा होतच नाही. उलट एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि सोलरचा इन्व्हर्टर यांचा गोंगाट व्हर्टिकलला जास्त ऐकू येतो, म्हणून मी सोलर पॅनेलपासून लांबचा कोपरा निवडला आहे.

उंचीचा विषय सोलापुरात नाजूक आहे. विमानसेवेच्या आड येते म्हणून २०२३ साली सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिले. माझी नळी तडितरक्षकाच्या उंचीतच बसत असली, तरी उंचीबाबत कोणतेही ना-हरकत पत्र लागत असेल तर ते मी स्वखर्चाने आणून समितीला देईन आणि मगच काम सुरू होईल.

हे सगळे कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीच्या धक्क्याने सोलापूरही रस्त्यावर आले. त्या आपत्तीत हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानचे संपर्क तुटले असताना त्यांच्या केंद्रावरून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली कळली. रेडिओला मधे कुठला टॉवर, कुठली केबल लागत नाही. बॅटरी आणि अँटेना असला की झाले.

पण परवानगी मिळावी म्हणून मी वाढवून सांगणार नाही. हा पाच मीटरचा व्हर्टिकल लांबच्या बोलण्याचा आहे. १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातल्या आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परत येतात त्या शेकडो किलोमीटर पलीकडे, त्यामुळे लातूर, पंढरपूर त्यावर बहुधा ऐकूच येणार नाहीत. शहरातल्या शहरात अडचणीच्या वेळी उपयोग व्हावा म्हणून त्याच भिंतीवर १४५ मेगाहर्ट्झचा जेमतेम अर्ध्या मीटरचा दुसरा छोटा व्हर्टिकल बसवू द्यावा, अशी जोडविनंती आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे हॅम केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते आपल्या आकाशातून दहाएक मिनिटांत निघून जाते. तेवढ्या वेळात अंतराळवीराचा आवाज सोसायटीतल्या मुलांना ऐकवायला मला मनापासून आवडेल. ज्यांना पुढे परीक्षा द्यायची असेल त्यांना मी शिकवीन, फी नाही. परीक्षेला वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच आहे.

खर्च सगळा माझा, वीज माझ्या मीटरची. गच्चीवर माझा कुठलाही हक्क यातून निर्माण होणार नाही, हे मी लिहून देईन. समिती ठरवील ती अनामत भरीन. गच्चीची दुरुस्ती निघाली किंवा समितीने सांगितले तर आठ दिवसांत अँटेना उतरवून भिंत पूर्ववत करून देईन. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी क्लॅम्प आणि दोऱ्या सेक्रेटरी साहेबांसमोर तपासून दाखवीन.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. जागेवर खडूने खुणा करून आणि नळी हातात धरून कुठे काय येईल ते सभेआधी दाखवायला मी तयार आहे. कोणा सभासदाचा आक्षेप असेल तर तो सभेतच मांडला जावा, म्हणजे मला समोरासमोर उत्तर देता येईल.

कळावे,
आपला,
सभासद, सदनिका क्र. ४०३

सोबत: १) परवान्याची छायाप्रत २) जागेचा मापांसह नकाशा ३) हमीपत्राचा मसुदा