उलटीनंतर लगेच ब्रश नको

संपादक महोदय,

‘खाल्ल्यावर लगेच दात घासा’ हा सल्ला आरोग्य सदरांत नेहमी वाचायला मिळतो. बुलिमियासारख्या (भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याच्या) खाण्याच्या विकारातून सावरताना ज्यांना अजून अधूनमधून उलटी होते, त्यांचे या सल्ल्याने नुकसान होते. तोंडातला पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते, आणि जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते. मऊ पडलेल्या कवचावर ब्रश फिरवला तर ते खरवडून निघते.

उलटी झाल्यावर साध्या पाण्याने किंवा पेलाभर पाण्यात चहाचा चमचाभर खायचा सोडा घालून खळखळून चूळ भरावी. ब्रश निदान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने, तोही मऊ. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का, ते पाहावे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण चूळ भरू नये. फ्लोराइड दातांवर राहायला हवे. मिश्री, कोळशाची पूड, मीठ-लिंबू अजिबात नको.

झीज आधी दिसते ती वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला. तो भाग काचेसारखा गुळगुळीत आणि पिवळसर होतो. दाढेत भरलेली चांदी बेटासारखी वर आलेली दिसते. चांदी तशीच राहते, भोवतालचा दात झिजतो.

कळकळीने सांगायचे ते हे, की दातांसाठी खाणे कमी करू नये. सावरताना तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी ठरलेली असतात. ती आहारतज्ज्ञाने सांगितली तशीच घ्यावीत. शेवटी पनीरचा तुकडा किंवा दूध घेतले तर आम्ल निवते. लिंबू किंवा कोकम सरबत दिवसभर घोट घोट पिऊ नये, जेवणासोबत संपवावे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे संरक्षण कमी होते. त्यासाठी गोळी मनाने बंद करू नये, पाणी जवळ ठेवावे. बिनसाखरेचे च्युइंगम आहारतज्ज्ञाला विचारूनच.

दंतवैद्याला विकाराबद्दल स्पष्ट सांगावे. तसे सांगितले, तर उलट्या थांबेपर्यंत महागड्या कॅप बसवण्याची घाई तो करणार नाही. आम्ल चालूच राहिले तर कॅपच्या कडेशी दात झिजतो आणि कॅप सुटते. तोवर ठणका थांबवणे, फ्लोराइडचे लेपन आणि उघडे पडलेले भाग कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) झाकणे, एवढे पुरते. विकाराबद्दल घरी बोलणे अवघड वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

‘लगेच दात घासा’ हे वाक्य पुढच्या वेळी छापाल, तेव्हा ‘उलटी झाली असल्यास नाही’ एवढे त्याला जोडावे, ही विनंती.

– एक दंतवैद्य, पुणे