रोज नको, पण वर्षभर हवं

वेंगुर्ले,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वास्तुविशारदाच्या कचेरीचं इन्स्टाग्राम खातं उघडलंस आणि आता रोज एक पोस्ट टाकायची म्हणतेस, म्हणून हे सविस्तर लिहिते. रोजचा नेम धरू नकोस. रोज टाकायला लागलं की तिसऱ्या आठवड्यात कामाच्या साइटवरचं चांगलं साहित्य संपतं. मग सणाच्या शुभेच्छा, सूर्यास्त, सुविचार असं काहीबाही जायला लागतं, लोक बघेनासे होतात, हुरूप जातो आणि मे महिन्याच्या धावपळीत खातं कायमचं झोपतं. शाकारणी (छपराची कौलं नव्याने बसवणं) अर्धी झालेली, वळवाचा पाऊस आलेला आणि गवंडी गावाला गेलेला, अशा आठवड्यातही पाळता येईल तेवढाच नेम धर. माझ्या मते तो असा: आठवड्याला दोन पोस्ट. एक तीस ते पंचेचाळीस सेकंदांचं रील आणि एक पाच-सहा फोटोंची मालिका. स्टोरी जमेल तशी टाक, तिचा हिशेब ठेवू नकोस.

आधी बघणारा कोण ते पक्कं कर. तुझं काम जुन्या चिरेबंदी, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरांच्या दुरुस्तीचं. त्या घरांचे मालक बहुतेक मुंबई-पुण्याचे चाकरमानी. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येणारे. गणपतीत घर उघडलं की माजघराच्या भिंतीवरची ओल दिसते, वाशाचं टोक अंगठ्याने दाबलं तर आत जातं. चौकशी तेव्हा सुरू होते, काम दिवाळीनंतर, आणि मे अखेरीस कौलं बसलेली हवीत. म्हणजे श्रावणात ‘ओल छपरातून उतरतेय की जोत्यातून चढतेय, हे कसं ओळखायचं’ हे जायला हवं, दिवाळीच्या आसपास कामाचे टप्पे आणि मुदती, जानेवारी ते एप्रिल प्रत्यक्ष काम. समुद्राची, धबधब्याची रीलं मात्र टाकू नकोस. ती खूप लोक बघतात हे खरं, पण त्यातून ज्यांचं कोकणात घरच नाही अशी माणसं जमा होतात. पुढची गिलाव्याची पोस्ट त्यांच्यासमोर गेली की ती अंगठ्याने पुढे सरकतात, आणि बघणारे थांबत नाहीत असं दिसलं की इन्स्टाग्राम ती पोस्ट पुढे नेत नाही.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी. वास्तुविशारदांसाठी १९८९ चे व्यावसायिक वर्तनाचे नियम आहेत. त्यांनुसार आपल्या सेवेची जाहिरात करता येत नाही, आणि आपलं नाव दुसऱ्याच्या प्रसिद्धीसाठीही वापरू द्यायचं नसतं. कामाची चित्रं आणि वर्णन प्रसिद्ध होऊ देता येतं, पण त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत. नियम मुळातून वाचून काढ. तुझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: पोस्ट पैसे देऊन पसरवायची नाही, ‘सवलत’, ‘आजच संपर्क करा’ असलं लिहायचं नाही, आणि रंगाच्या कंपनीने फुकट डबे पाठवले तर परत करायचे. तुझ्या खात्यावर माहिती आणि काम एवढंच दिसू दे. मला तर हे बंधन फायद्याचंच वाटतं, कारण घरमालक जाहिरातीपुढे थांबत नाही. त्याच्याच भिंतीला काय झालंय हे सांगणाऱ्यापुढे थांबतो.

आता साहित्य. पोस्टसाठी वेगळं शूटिंग ठेवलंस की ते आठवड्याभरात बंद पडेल. साइटवर जाशील तेव्हाच दहा मिनिटं काढायची, आणि दर वेळी तेच पाच तुकडे घ्यायचे: एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून सगळ्या खोलीचा एक, बिघाडाचा जवळून एक, कारागिराच्या हातांचा एक, सामानाचा एक, म्हणजे चुना, रेती, रीप, कौल जे असेल ते, आणि काम झालेल्या भागाचा एक. प्रत्येक तुकडा सहा ते आठ सेकंद, फोन उभा. जिथून पहिला फोटो घेतलास तिथे जमिनीवर खडूने खूण कर, नाहीतर तीन महिन्यांनी ‘आधी आणि नंतर’ जुळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

फोनची काच दर वेळी सुती फडक्याने पूस. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट थर बसतो, चित्र धुरकट येतं आणि फोन बिघडला असं वाटतं. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागच्या जागी बसतात. हे केलं नाहीस तर ओटीवरून माजघरात शिरताना चित्र आधी काळं आणि मग पांढरंफटक होतं. माजघरात दाराकडे पाठ करून उभी राहा. बाहेरचं सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर घे. भर उन्हात चिऱ्याची भोकं नुसती काळी दिसतात. १०८० पिक्सेल पुरे, फोर-के ने फोन भरतो आणि मग ऐन वेळी जागा नाही म्हणून नको ते उडवलं जातं. वाऱ्यात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून शर्टाला लावायचा माइक घे आणि त्यावर केसाळ टोपी हवीच. ती नसेल तर निवेदन घरी येऊन दार लावून कर. साइट सोडण्यापूर्वी फोनमध्येच अर्ध्या मिनिटाचं बोलून ठेव: काय बिघडलं होतं, का, काय केलं. शनिवारी मजकूर लिहायला बसशील तेव्हा यातलंच निम्मं वापरायला मिळतं.

एका रीलची बांधणी दाखवते, म्हणजे अंदाज येईल. विषय: चिऱ्याच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा. पहिले तीन सेकंद, फुगलेल्या गिलाव्यावर थाप आणि पडणारा पोपडा. नाव नको, बोधचिन्ह नको, नमस्कार नको. बघणारा जातो तो इथेच जातो. पुढे दहाएक सेकंद पोपड्यामागचा ओला चिरा जवळून. मग कारण: चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर राहून घट्ट होतो, पण त्याची भोकं तशीच राहतात. तो पाणी पितो आणि उघड्या हवेत सोडतो. वरून सिमेंट मारलं की सोडायची वाट बंद, मग ओल आतून गिलावा ढकलते. त्यानंतर चुन्याच्या गिलाव्यावर थापी फिरताना, आणि शेवटी तीच भिंत त्याच खडूच्या खुणेवरून. गाणं लागत नाही. बिझनेस खात्याला गाजलेली गाणी बहुतेक मिळतच नाहीत, आणि थापीचा आवाज त्याहून चांगला. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मराठी अक्षरं वर हवीत. आपोआप उमटलेली असतील तर तपासल्याशिवाय सोडू नकोस. अक्षरं चौकटीच्या मधल्या भागात ठेव, खाली बटणं आणि मजकूर येतो. प्रोफाइलवर आता चौकोनाऐवजी ३:४ ची उभी चौकट दिसते, त्या मापाने मुखचित्र निवड.

या सगळ्याची मांडणी शनिवारी सकाळी, दीड तासात. वीस मिनिटं निवड, चाळीस मिनिटं जोडणी, वीस मिनिटं मजकूर, उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्याच्या तारखा लावून ठेवायच्या. मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण उघडल्याशिवाय दिसते ती पहिली दीड ओळ, तीत बिघाडाचं नाव यावं. हॅशटॅग तीन ते पाच. रोज पंधरा मिनिटं उत्तरांना दे, घड्याळ लावून. दराचे प्रश्न येतीलच. त्यांना व्हॉट्सॲप बिझनेसवर एक ठरलेलं उत्तर तयार ठेव: गाव कोणतं, घर साधारण किती जुनं, छप्पर कौलारू की स्लॅब, आणि चार फोटो. एवढं पाठवणारा खरा गिऱ्हाईक.

आणि पावसाळा. जूनमध्ये साइट बंद, वीज जाते, नेटवर्क जातं, म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरायच्या, बेगमीसारखीच पोस्टचीही बेगमी मे अखेरीस झालेली हवी. इन्स्टाग्रामच्या ॲपमध्येच ७५ दिवस पुढपर्यंतच्या पोस्ट लावून ठेवता येतात. १ जूनला बसलीस तर १५ ऑगस्टपर्यंत. पावसाळ्यात आठवड्याला एकच पोस्ट धर, म्हणजे अकरा पोस्ट तयार लागतील. मार्चपासून प्रत्येक साइटचा एक तुकडा त्यासाठी बाजूला टाकत गेलीस की त्या सहज भरतात. पण लावून ठेवलंय म्हणून विसरू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा दिवशी आपल्या खात्यावरून ‘पावसातलं कौलारू घर’ झळकलं तर ते फार वाईट दिसतं. हवामान खात्याचा लाल इशारा आला की आधी लावलेल्या पोस्ट थांबव. त्या दिवसांत काही लिहायचंच तर उडालेल्या कौलांच्या जागी ताडपत्री कशी बांधायची, एवढं लिही.

चाकरमान्यांची घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात, हे विसरू नकोस. तालुक्याच्या पलीकडे ठिकाण सांगू नकोस. मागचं दार, कडी, देवघर, खिडकीचे गज दाखवू नकोस. फोटो वापरायची परवानगी कामाच्या करारातच लेखी घे, आणि पोस्ट घर ताब्यात दिल्यानंतरच टाक. कारागिरांनाही विचार, चेहरा नको म्हणाले तर हात पुरतात. ड्रोनचा मोह होईल, पण रत्नागिरीला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय उडवायचा नाही.

आकडे महिन्यातून एकदा बघ. रोज बघितलेस तर जी पोस्ट चालली तिचीच नक्कल करत बसशील. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की किती वेळ पाहिलं, किती जणांना आवडलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं या तीन गोष्टी मोलाच्या. नवीन लोकांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त कामी येतं. तुझ्या धंद्यात ते उघड आहे. एक भाऊ ठाण्यात, दुसरा बडोद्यात, घर सामाईक; तुझी पोस्ट त्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेली की काम पुढे सरकतं. म्हणून ‘पाठवलं’ आणि ‘जपून ठेवलं’ हे दोन आकडे वहीत लिही, आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला विचार, कुठे बघितलंत. तीन महिन्यांत कोणता विषय माणसं आणतो ते कळेल. फॉलोअर किती झाले ते वहीत लिहूच नकोस.

लिंक्डइनवर पंधरा दिवसांतून एकदा, फोटोंची तीच मालिका, मजकूर थोडा तांत्रिक. तिथे घरमालक नाहीत, पण इंजिनिअर आणि सोबतचे वास्तुविशारद आहेत. गुगलवरच्या कचेरीच्या नोंदीत वेळा आणि फोन बरोबर आहेत ना, तेवढं पाहा. यूट्यूब यंदा नको.

खात्याला दुहेरी पडताळणी लाव, पण एसेमेसवर नको, ऑथेंटिकेटर ॲपवर. नेटवर्क गेलं की एसेमेस येत नाही. बॅकअपचे कोड कागदावर लिहून कपाटात ठेव. ‘तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे दाबा’ असा निरोप आला तर दाबू नकोस, मग तो कितीही खरा वाटो. चौकशीचे फोन नंबर वहीत उतरवत जा. खातं गेलं तरी गिऱ्हाईक राहायला हवं.

या शनिवारी काही टाकू नकोस. फोनमधल्या जुन्या साइटच्या फोटोंचे गाव आणि महिना लिहून फोल्डर कर, त्यातून आठ विषय वहीत उतरव, आणि पुढच्या शनिवारी पहिल्या दोन पोस्ट लावून ठेव. माइक घेताना केसाळ टोपी सोबत मिळते का ते विचारून घे.

तुझी,
आई