खडकचक्र फळ्यावर नको, पोट्ट्यांच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जि.प. शाळेत भूगोल शिकवतो. सहावीचा खडकांचा धडा मी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं उरकत आलो, फळ्यावर खडकचक्राचा गोल काढायचा, म्हणजे एका प्रकारचा खडक दुसऱ्या प्रकारात कसा बदलतो ते, अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित लिहून बाण मारायचे अन म्हणायचं घ्या लिहून. पोट्टे लिहून घेत, मार्कही घेत. मागच्या वर्षी एकानं विचारलं, "सर, आपल्या वावरातला काळा दगड कोणत्या बाणावर हाय?" अन मी अडकलो ना बाप्पा.

मग मोबाईलवर पाहून मेणाच्या रंगखडूंचा प्रयोग करायचं ठरवलं. शार्पनरनं चार रंगांचा कीस काढला, हा झाला गाळ. फॉइलच्या पुडीत घालून दाबला, थर दिसायला लागले, हा स्तरित. इथपर्यंत मस्त. रूपांतरित करायला पुडी मेणबत्तीवर धरली तर दोन मिनिटांत सगळं शेणाच्या रंगाचं पाणी. "सर, हे तं सारंच पातळ झालं!" चूक माझीच होती, कारण वितळलं की तो मॅग्मा अन थिजला की अग्निजन्य, रूपांतरित खडक तर न वितळता, घट्ट असतानाच उष्णतेनं आणि दाबानं बदलतो. हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो बरं का! दुसऱ्या दिवशी पुडी गरम पाण्याच्या गिलासात थोडा वेळ धरली, पाटाखाली ठेवली अन वर्गातल्या सगळ्यात वजनदार पोट्ट्याला पाटावर उभं केलं. उघडली तर रंग वेगवेगळे ओळखू येत होते पण पट्टे चपटे, वाकडे, एकमेकांत घुसलेले. तसंच पाहिजे होतं.

खरी मजा फाशाच्या खेळात आली. वर्गात मॅग्मा, गाळ अन तिन्ही खडक असे पाच कोपरे केले, प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी, कोणता आकडा पडला तर कुठं जायचं नाहीतर तिथंच थांबायचं. एक पोरगी अग्निजन्यवर सहा डाव अडकली, रडवेली होऊन म्हणे, "सर, मी इथंच बसू का?" म्हटलं बस, आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली, बहुतेक अजून तिथंच बसून आहे, वरचा थोडा झिजला त्याची ही कपाशीची काळी माती. बाण एकाच दिशेनं फिरत नाहीत अन सगळ्यांना सगळीकडे जावंच लागतं असंही नाही, हे मग कोणालाच वेगळं सांगावं लागलं नाही.

वणीकडून एका पालकानं चुनखडीचा तुकडा अन कोळसा आणून दिला, दोन्ही स्तरित. चुनखडीची भुकटी करून लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, काळ्या दगडाला काही होत नाही. अर्ध्या वर्गाचे लिंबू त्यातच गेले.

आता तक्रार. आमची प्रशिक्षणं होतात, पण दिवसभर पीपीटी, त्यातही तोच गोल अन तेच बाण, चहा, सही, फोटो. वीस रुपयांचे रंगखडू अन एक फासा शिक्षकांच्या हातात देऊन एकदा चुकू तरी द्या, मी मेणबत्तीवर चुकलो म्हणून तर शिकलो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तासभर यासाठी काढणं काही अवघड नाही.

अन दुसरी गोष्ट वाचणाऱ्या शिक्षकांसाठी. तिन्ही प्रकारचे खडक आपल्या विदर्भातच आहेत, पण प्रत्येक तालुक्यात सापडतीलच असं नाही. आमच्याकडे रूपांतरित एकही नाही. भंडारा-गोंदियाकडच्या कोणी मुठीएवढा क्वार्टझाइट (हा रूपांतरित खडक) अन चंद्रपूरकडच्या कोणी वालुकाश्म पाठवला तर लय उपकार होतील. माझा पत्ता संपादकांकडे दिलेला आहे. बदल्यात काळा दगड पाठवतो, म्हणाल तेवढा.

आपला,
एक जि.प. शिक्षक, जि. यवतमाळ