निशिकासाईच्या फ्लॅटबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

टोकियोतल्या निशिकासाईचा जो फ्लॅट विकत घेऊन भाड्यानं द्यायचं तुझ्या मनात आहे, त्याचे फोटो बाबांनी टॅबवर मोठे करून दाखवले. नवा रंग, चकचकीत ओटा, स्टेशन आठ मिनिटांवर. पण मी पंधरा वर्षं सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे माझी नजर आधी तळाच्या आकड्यांवर गेली. इमारत 1979ची. मेंटेनन्स महिना 13 हजार येन, दुरुस्ती निधी फक्त 5 हजार. तू लिहिलंयस, खर्च कमी म्हणजे भाड्यातून जास्त उरेल. मला तो 5 हजारांचा आकडाच टोचतोय.

आपणही कित्येक वर्षं निधी वाढवू दिला नाही. मीटिंगमध्ये विषय निघाला की माणसं उठायची. मग एका पावसाळ्यात जिन्याजवळच्या पिलरचं प्लास्टर सुटलं, गंजलेल्या सळया दिसायला लागल्या आणि घरटी दीड लाख काढावे लागले. खालच्या काकूंनी पाटल्या मोडल्या. त्यांची पावती मी माझ्या हातानं फाडली आहे.

तिकडे साधारण बारा-पंधरा वर्षांनी अख्ख्या इमारतीला परांची बांधून मोठी दुरुस्ती करतात, ती याच निधीतून. तेव्हा शिल्लक किती, कर्ज काढलंय का, सांडपाण्याचे पाइप कधी बदलले, हे कागदावर बघ. आधीच्या मालकानं थकवलेली वर्गणी नव्या मालकाकडून वसूल करता येते, म्हणून थकबाकीचा आकडाही लेखी घे. करारापूर्वी जूयो जिको सेत्सुमेइ, म्हणजे घराबद्दलच्या महत्त्वाच्या बाबींची माहिती, वाचून दाखवतील तेव्हा घाई करू नकोस. तुझं जपानी चांगलं आहे, तरी जाणत्या माणसाला शेजारी बसव.

दुसरी गोष्ट भूकंपाची. जपानात बांधकामाचे कडक नियम 1 जून 1981पासून लागू झाले, म्हणजे ही इमारत जुन्या नियमांची. 1995 साली कोबेला जुन्या नियमांच्या इमारतींचंच नुकसान जास्त झालं. भूकंप-तपासणी झाली का, मजबुतीकरण केलं का, विचार. उत्तर नाही असेल तर घेऊ नकोस. त्या छताखाली तू नाही, पण कुणाचं तरी लेकरू झोपणार आहे. शिवाय निशिकासाई ज्या वॉर्डात येतं तो एदोगावा सखल आहे. वॉर्डाच्या पूर-नकाशावर ‘इथे थांबू नका’ असं छापलंय, हे तूच सांगितलं होतंस.

आणि पुण्याचा हिशोब तिथे लावू नकोस. इथे जुनी सोसायटी म्हटली की बिल्डर येईल, मोठा फ्लॅट फुकट देईल, अशी आशा असते. तिथे इमारत पाडून नवी बांधायची तर बहुतेकदा मालकांनाच मोठी रक्कम घालावी लागते आणि बहुमत जमवता जमवता वर्षं जातात. अशा पुनर्बांधण्या मोजक्याच झाल्या आहेत.

तुझ्या बचतीवर माझा हक्क नाही, पण ती कशी साठली ते मला ठाऊक आहे. शनिवारी जाशील तेव्हा खोली नंतर बघ. आधी सायकल स्टँड, टपालपेट्या, जिन्यातल्या भिंतीच्या भेगा आणि नोटीस बोर्ड बघ. फोटो पाठव, रविवारी दोघं मिळून वाचू.

तुझी,
आई