फौजदार लेकीचं पत्र

ती. बाबा व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. उशीचं आलं की ते गाळू नकोस.

बाबा, "लेक नाही, फौजदार झालीस" हे तुमचं बोलणं आठ दिवस झाले कानातून जात नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामासाठी मी पाठवते ते मेसेज हुकमासारखे वाटले असतील, मान्य. पण दवाखान्याचे इंग्रजी मेसेज तुम्ही कर्जाची जाहिरात समजून पुसत होतात, म्हणून मी मराठीत सुरू केले. साध्या मेसेजात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीची ७०च. काना, मात्रा, टिंब, मधली मोकळी जागा, सगळं वेगळं धरतात. नुसतं 'बाबा' म्हटलं की चार गेले. मग उरतं ते असं:

"पाऊल खाली-वर १० वेळा. गुडघा दाबून ५ मोजा. उशी काढा. झालं की १ टाका."

मोजून ६७. 'बाबा' बसवायला जागाच नव्हती. आणि फोन करावा तर तुम्ही "केलं, केलं" म्हणता नि मागून आई खोकते.

पाऊल हलवायला उगीच सांगत नाही. ऑपरेशननंतर पडून राहिलं की पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. पाऊल हललं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकललं जातं. एक पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर मला मेसेज करत बसायचं नाही, तडक लातूर गाठायचं.

आता उशी. आई, ते "हाय रे" म्हणाले की तू गुडघ्याखाली उशी सरकवतेस. त्यांना बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहून आखडतो. मग नवा सांधा बसवूनही पाय सरळ व्हायला त्रास. द्यायचीच तर टाचेखाली दे.

केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्याला एक मेसेज जायचा, 'मांबो?', म्हणजे कसं काय? उत्तर 'सावा', ठीक, नाहीतर 'शिदा', अडचण. २०१० साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात तो अभ्यास छापून आला; मेसेज मिळणारे गोळ्या जास्त नेमानं घेत होते. गोळ्यांचं नि गुडघ्याचं गणित वेगळं, तरी हुकमापेक्षा विचारपूस मला पटली.

तेव्हा उद्यापासून सकाळ-संध्याकाळ एवढंच येईल: "कसंय बाबा?" केलं असेल तर १, दुखत असेल तर २, कंटाळा आला असेल तर ३. तीन आला की मी फोन करीन आणि गुडघ्याचं नावही काढणार नाही; तुरीची रास झाली का, तेवढं सांगा.

टाके काढायच्या दिवशी मी येतेच. व्यायामाचा कागद भिंतीला लावा. मागचा कागद हुरड्याच्या पुडीला गेला, ते मला कळलंय.

तुमची,
ताई