संमतीपत्र मराठीत, मग निष्कर्ष मराठीत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय रुग्णालयांतील माझ्या नोकरीत, वॉर्डात चालणाऱ्या औषधांच्या चाचण्यांच्या संमतीपत्रांवर मी अनेकदा साक्षीदार म्हणून सही केली आहे. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल तर संमतीपत्र त्याला वाचून दाखवले जाते, त्याचा अंगठा घेतला जातो आणि चाचणीशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीची साक्ष लागते. ती व्यक्ती पुष्कळदा वॉर्डातली सिस्टरच असे. हे संमतीपत्र मराठीत असते, कारण रुग्णाला समजेल अशाच भाषेत ते देण्याचे बंधन आहे. तापाने फणफणलेला, एका हाताला सलाइन लावलेला माणूस ते सगळे शांतपणे ऐकून घेतो, "याचा पुढं कुणाला तरी उपयोग होईल न्हवं?" एवढेच विचारतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवतो. त्या चाचणीतून पुढे काय निष्पन्न झाले, हे त्याला कोणी कळवत नाही. ते साक्षीदारालाही कळत नाही आणि बहुतेक वेळा त्याच वॉर्डात पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही.

याची किंमत काय असते, ते मी निवृत्तीनंतर माझ्याच घरात पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये माझा भाचा कोविडने एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी माझ्या मेहुण्यांच्या हातात प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिलेली एक ओळ पडली : "ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा, दोन पिशव्या, तातडीने." प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव; कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाचा तो रुग्णाला देत. पुढचे दोन दिवस ते सांगली, मिरज आणि कोल्हापूर येथील रक्तपेढ्यांच्या दारात उभे होते. घरातली मुले मोबाइलवर दाता शोधत होती. कोविडमधून उठलेल्या परक्या लोकांना रात्री अकरा वाजता फोन करून हातापाया पडत होती. अखेर थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेल्या, फिकट पिवळ्या रंगाच्या दोन पिशव्या मिळाल्या तेव्हा मेहुण्यांनी ती पेटी देवघरातल्या मूर्तीसारखी दोन्ही हातांत धरून आणली.

प्लाझ्म्याचा कोविडच्या रुग्णाला उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या सहा महिने आधीच भारतातल्याच रुग्णालयांनी दिलेले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 'प्लॅसिड' नावाची चाचणी २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात देशातील ३९ सरकारी व खासगी रुग्णालयांत घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ४६४ रुग्ण तीत सहभागी झाले. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत २०० मिलिलिटर प्लाझ्मा चोवीस तासांच्या अंतराने दोनदा दिला गेला, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार मिळाले. अठ्ठावीस दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू ओढवणे हे प्लाझ्मा मिळालेल्या गटात १९ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडले आणि न मिळालेल्या गटात १८ टक्के. सातव्या दिवशी धाप आणि थकवा काहीसा जास्त रुग्णांत कमी झालेला दिसला, हे त्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पण जीव वाचवण्याच्या किंवा आजार बळावू न देण्याच्या दृष्टीने फरक पडला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्लाझ्म्यात प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी रक्तातील प्रथिने, म्हणजे अँटीबॉडीज) पुरेशी होती का, अशी शंका तज्ज्ञांनी घेतली आणि ती रास्त होती. परंतु प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त असलेला प्लाझ्मा वापरून ब्रिटनमध्ये चाललेल्या, अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या 'रिकव्हरी' चाचणीतही लाभ दिसला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथे प्लाझ्म्यासाठी नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे हलवून टाकल्यानंतर.

माझा भाचा बरा झाला. तो प्लाझ्म्यामुळेच वाचला, असे घरातले सर्वजण आजही मानतात आणि त्यांच्या श्रद्धेला मी कधी धक्का लावला नाही. पण तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे मला त्या दिवसांत जितके नीट समजले तितके सबंध नोकरीत समजले नव्हते. त्याला ऑक्सिजन लावलेला होता, स्टेरॉइड सुरू होते, सिस्टर दर काही तासांनी त्याला पालथे झोपवत होत्या; यांपैकी कशाने गुण आला, हे एका रुग्णाकडे पाहून सांगता येणारच नाही. जे दोन दिवस मेहुण्यांनी रक्तपेढ्यांच्या रांगांत काढले, ते दिवस आणि तो पैसा त्या ३९ रुग्णालयांमधल्या रुग्णांनी आपल्यासाठी आधीच वाचवून ठेवला होता. त्यांनी दिलेले उत्तर आपल्यापर्यंत पोहोचले नाही, एवढेच.

ही गोष्ट कोविडबरोबर संपली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. विदर्भात पावसाळा सरता सरता स्क्रब टायफसचे रुग्ण येऊ लागतात. २०१८ साली नागपूर परिसराने त्याचा मोठा उद्रेक पाहिला. गवतातील सूक्ष्म किडीच्या चाव्यातून होणारा हा आजार आधी साधा ताप वाटतो. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली असते आणि कपडे बाजूला करून कोणी पाहिले नाही तर ती दिसतच नाही. गंभीर रुग्णांना शिरेतून डॉक्सीसायक्लिन द्यावे, ॲझिथ्रोमायसिन द्यावे की दोन्ही, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातील सात केंद्रांवर ७९४ रुग्णांमध्ये त्याची चाचणी झाली आणि मार्च २०२३ मध्ये ती 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू, पाचव्या दिवशीही न हटलेला ताप किंवा सातव्या दिवशीही न सुटलेली गुंतागुंत यांपैकी काहीतरी घडलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या गटात ३३ टक्के होते. एकच औषध मिळालेल्या दोन्ही गटांत ते ४७-४८ टक्क्यांच्या घरात राहिले. नुसत्या मृत्यूंच्या संख्येत मात्र ठोस फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे. दोन्ही औषधे जुनी, परिचयाची आहेत. मग ही माहिती गोंदिया-भंडाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकट्या असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर, त्याला वाचायला दोन मिनिटे लागतील अशा रूपात, का असू नये?

आपल्याच लोकांनी दिलेल्या उत्तरावर उपचारांची पद्धत बदलता येते, याचा दाखला आपल्या देशात आहे. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले की, घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयरोग्यांना घरापासून दूर ठेवणाऱ्या रुग्णालयातल्या, रुग्णांइतकेच बरे होऊ शकतात आणि त्यामुळे घरच्यांना लागण होण्याचा धोका वाढत नाही. ते रुग्ण शहरातल्या गरीब वस्त्यांत दाटीने राहणारे होते. त्यांच्या सहभागामुळे पुढे जगभर क्षयरोग्याला घरदार सोडायला लावणे बंद झाले.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. महाराष्ट्रातील रुग्णांच्या सहभागाने झालेली प्रत्येक चाचणी पूर्ण झाली की, तिचा निष्कर्ष एका पानात, सोप्या मराठीत, चाचणी घेणाऱ्या संस्थेने लिहून द्यावा. उपचार निरुपयोगी ठरला असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. चाचणीत रुग्णांच्या हिताची काळजी घेतली जाते ना, हे तपासणाऱ्या संस्थांच्या नीतिसमित्यांनी (एथिक्स कमिटी) चाचणीला मंजुरी देतानाच ही अट घालावी. संसर्गजन्य आजारांविषयीची अशी पाने, मग ती चाचणी देशात कोठेही झालेली असो, सार्वजनिक आरोग्य विभागाने उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पाठवावीत. आणि ज्याचा अंगठा संमतीपत्रावर आहे, त्याच्या घरच्या पत्त्यावर त्यातली एक प्रत टपालाने जावी. पत्ता त्याच कागदपत्रांत लिहिलेला असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, सांगली